पुणे स्टेशन किंवा लोहगाव विमानतळावरून विद्यापीठाच्या आवारात कसे पोहोचावे?

पैनगंगातीर | ६ जुलै २०२५, रात्री ९.१०

नमस्कार. माझ्या भाचीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे. या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती अकोल्याहून रेल्वेने एकटीच पुण्याला येईल. तिची गाडी उजाडण्यापूर्वी पुणे स्टेशनवर पोहोचते. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि एक वळकटी असेल. तिने पुणे यापूर्वी पाहिलेले नाही, आणि माझाही या शहराशी संबंध पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नापुरताच आहे.

नकाशात पाहिले असता विद्यापीठाला शिवाजीनगर आणि खडकी ही दोन रेल्वे स्थानके पुणे स्टेशनपेक्षा जवळ दिसतात. मेट्रोचेही दोन मार्ग दिसतात, परंतु त्यांपैकी एकही थेट विद्यापीठाच्या दारात जाताना दिसत नाही. अशा वेळी रिक्षा, बस आणि मेट्रो यांपैकी काय निवडावे? तिचे वडील पुढील महिन्यात नागपूरहून विमानाने तिला भेटायला येणार आहेत, तेव्हा विमानतळावरून येण्याचा मार्गही कोणी सांगितल्यास उपकार होतील. तेथे नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव लिहावा, ही विनंती.

नेमकेबोल | ६ जुलै, रात्री ९.३२

अभिनंदन. पहिली सूचना अशी की ॲपमध्ये किंवा रिक्षाचालकाला ठिकाण सांगताना नुसते 'विद्यापीठ' म्हणून थांबू नये. पुण्यात भारती विद्यापीठ कात्रजच्या बाजूला आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ गुलटेकडीकडे आहे आणि डी. वाय. पाटील विद्यापीठ पिंपरीत आहे. 'गणेशखिंडीतले पुणे विद्यापीठ, मुख्य प्रवेशद्वार' असे सांगितले की प्रश्न उरत नाही. माझ्या परिचयातील एक गृहस्थ तोंडी परीक्षेसाठी वेळेच्या तासभर आधी निघूनही कात्रजला पोहोचले होते आणि तेथील सुरक्षारक्षकालाच परीक्षकांचे नाव विचारत होते.

दादर_टीटी | ६ जुलै, रात्री ९.५०

पुणे स्टेशनपर्यंत जाण्याचे कारणच नाही. शिवाजीनगरला उतरावे. तेथून विद्यापीठाचे मुख्य दार अदमासे तीन किलोमीटरवर आहे आणि मीटरप्रमाणे रिक्षाचे पन्नास-साठ रुपये होतात. मी सिंहगड एक्स्प्रेसने येत असे तेव्हा नेहमी हेच करत असे. डेक्कन क्वीनही तेथे थांबते.

लोहमार्ग | ६ जुलै, रात्री १०.१५

दादर_टीटी, तुमचा सल्ला मुंबईकडून येणाऱ्यांसाठी उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांची भाची अकोल्याहून येणार आहे. ती गाडी भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर आणि दौंड या मार्गाने पुण्यात शिरते, म्हणजे शहराच्या पूर्वेकडून. शिवाजीनगर आणि खडकी ही स्थानके पुणे स्टेशनच्या पुढे, मुंबईच्या दिशेला आहेत. अकोल्याहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याहून दिशा बदलून कोल्हापूरकडे जाते, ती शिवाजीनगरचे तोंडही पाहत नाही. त्यामुळे विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूर या बाजूंनी येणाऱ्यांना पुणे स्टेशनवरच उतरावे लागते. पुढे लोणावळा लोकल पकडून शिवाजीनगर किंवा खडकी गाठता येते आणि तिचे तिकीट पाच रुपये आहे, पण दोन बॅगा घेऊन पादचारी पूल चढायचा, लोकलची वाट पाहायची आणि पुन्हा उतरून रिक्षा शोधायची, एवढा खटाटोप पाऊणशे रुपये वाचवण्यासाठी मी कोणाला करायला सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी. पुणे स्टेशनवरची गर्दी कमी करण्यासाठी काही गाड्या हडपसरपर्यंतच आणल्या जातात, उदाहरणार्थ हैदराबादहून येणारी एक गाडी. हडपसर ते विद्यापीठ हे अंतर पुणे स्टेशनपासूनच्या अंतराच्या जवळपास दुप्पट आहे आणि वाटेत संपूर्ण शहर ओलांडावे लागते.

दादर_टीटी | ६ जुलै, रात्री १०.२१

मान्य. अकोला वाचलेच नव्हते, 'पुणे' वाचून हात आपोआप चालू लागले.

मृगनक्षत्र | ७ जुलै, सकाळी ८.०५

मी सध्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते, त्यामुळे ताजी परिस्थिती लिहिते.

मेट्रोने यायचे असेल तर पुणे स्टेशनवरून वनाझच्या दिशेने जाणारी गाडी घ्यावी, मंगळवार पेठेनंतरच्या सिव्हिल कोर्ट स्थानकावर उतरावे, तेथे पिंपरीकडे जाणारा मार्ग पकडावा आणि पुढच्याच शिवाजीनगर स्थानकावर बाहेर पडावे. शिवाजीनगरहून औंध, पाषाण, बाणेर, हिंजवडी यांपैकी कोणत्याही दिशेला जाणारी पीएमपीची बस बहुधा विद्यापीठ चौकातूनच जाते, मात्र चढण्यापूर्वी वाहकाला एकदा विचारावे. जूनपासून बसचे भाडे वाढले असून पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये पडतात.

हे सारे ऐकायला सोपे आहे, पण सिव्हिल कोर्टला पहिला मार्ग जमिनीच्या वर आहे आणि दुसरा तेहतीस मीटर खाली. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, स्वच्छता आहे, सर्वत्र फलकही आहेत, तरीही वळकटी घेऊन एवढे खाली उतरायचे आणि पुढच्या स्थानकावर पुन्हा वर यायचे, हे पहिल्याच दिवशी नको वाटते. सुटीत घरी जाताना पाठीवर एकच पिशवी असते, तेव्हा मी मेट्रोनेच जाते. पहिल्या दिवशी मात्र रिक्षा करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

मेट्रो सकाळी सहा वाजता सुरू होते. भाचीची गाडी त्याआधी पोहोचणार असेल, तर उजाडेपर्यंत फलाट क्रमांक एकवरच्या महिला प्रतीक्षालयात बसणे सोयीचे. मीही तसेच केले होते. तसेही प्रवेशाचे आणि वसतिगृहाचे कार्यालय पहाटे उघडत नाही, त्यामुळे साडेपाचला दारात पोहोचून काहीच साधत नाही.

खडकीचा_राजा | ७ जुलै, सकाळी ९.४०

सर्वजण शिवाजीनगरच का धरून बसले आहेत? खडकी मेट्रो स्थानक याच जून महिन्यात सुरू झाले आहे. सिव्हिल कोर्टला मार्ग बदलून थेट खडकीला उतरले की गणेशखिंड रस्त्यावरची कोंडी पूर्णपणे टळते. विद्यापीठाला खडकीच्या बाजूनेही एक दार आहे, त्याला सगळे खडकी गेटच म्हणतात. ज्यांचा विभाग किंवा काम आवाराच्या त्या भागात आहे त्यांनी मुख्य दारातून शिरून पुन्हा आतले सारे अंतर कापण्यात अर्थ नाही.

मृगनक्षत्र | ७ जुलै, सकाळी १०.०२

खडकीचा_राजा, सूचना चांगली आहे, परंतु नवख्या माणसाने त्यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शिवाजीनगरला दर काही मिनिटांनी बस असते, खडकीच्या बाजूने तशी स्थिती नाही, त्यामुळे तेथून जवळजवळ रिक्षाच करावी लागते. दुसरे म्हणजे त्या दाराने बाहेरच्या वाहनाला कोणत्या वेळी आत सोडतात याची आधी चौकशी करावी, नाहीतर रिक्षा बाहेर सोडून सामान हातात घेऊन चालावे लागेल. आवार चारशे एकरांहून अधिक आहे, हे चालणाऱ्याच्या दृष्टीने आनंदाचे वाक्य नाही.

औंधरोड | ७ जुलै, दुपारी १२.३०

मी या रस्त्याने दररोज जातो, म्हणून चौकाबद्दल चार शब्द लिहितो, कारण स्टेशनवरून विद्यापीठात पोहोचायला लागणारा वेळ मुख्यतः या चौकावरच ठरतो.

गणेशखिंड रस्ता, औंध रस्ता, बाणेर रस्ता, पाषाण रस्ता आणि सेनापती बापट रस्ता असे पाच रस्ते तेथे एकत्र येतात. पूर्वी तेथे उड्डाणपूल होता, पण हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोला तो अडथळा ठरत असल्याने जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तो आणि ई-स्क्वेअरजवळचा असे दोन्ही पूल पाडण्यात आले. त्यांच्या जागी खाली वाहनांचा पूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना उभी राहत आहे. काम अजून चालू आहे, त्यामुळे अडथळे आणि वळणे अधूनमधून बदलतात आणि गेल्या महिन्यात पाहिलेला रस्ता या महिन्यात तसाच असेल याचा भरवसा नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की पहाटे सहा ते साडेआठ या वेळेत स्टेशन ते विद्यापीठ हे अदमासे सात किलोमीटरचे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत संपते, तर संध्याकाळी साडेपाचनंतर त्याच अंतराला एक तास लागला तरी नवल नाही. धागाकर्त्यांच्या भाचीची गाडी पहाटे येते, ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. तिने प्रतीक्षालयात बसावेच, परंतु आठ वाजण्यापूर्वी निघावे. नऊनंतर निघाल्यास पुणे तिला स्वतःची ओळख सविस्तर करून देईल.

काळीपिवळी | ७ जुलै, दुपारी ३.१५

मी स्वतः पुण्यात रिक्षा चालवतो. या धाग्यावर रिक्षाचे नाव वारंवार आले म्हणून लिहितो.

मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये आहे. त्या हिशेबाने स्टेशन ते विद्यापीठाचे मुख्य दार साधारण १२० रुपये होतात. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरवर सव्वापट आकार असतो, म्हणजे दीडशेच्या आसपास. आत वसतिगृहापर्यंत नेल्यास वीस-तीस रुपये अधिक होतील, कारण आतले अंतरही मीटरमध्ये मोजले जाते. याहून जास्त कोणी मागितले तर सरळ दुसरी रिक्षा पाहावी.

आमच्यातले काही जण पहाटे दुप्पट मागतात, हे मी नाकारत नाही. त्यामागचे कारण असे की त्या वेळी विद्यापीठाकडून परतीचे भाडे मिळत नाही आणि रिकामे यावे लागते. कारण खरे असले तरी त्याचा भार प्रवाशावर टाकणे बरोबर नाही, असे मला वाटते. सकाळी सात वाजल्यानंतर मात्र औंध आणि बाणेरकडून स्टेशनला येणारी माणसे भरपूर असतात, म्हणून त्या वेळी मीटरने यायला कोणी फारसे नाही म्हणत नाही. स्टेशनच्या दारात घोळक्याने अंगावर येणाऱ्यांना टाळावे आणि रांगेत उभी असलेली रिक्षा घ्यावी. बॅगा पायाशी ठेवता येतात, वळकटी मागच्या जागेत मावते.

पैनगंगातीर | ७ जुलै, दुपारी ३.४०

काळीपिवळीदादा, आपले विशेष आभार. दर आणि त्यामागचे कारण दोन्ही इतक्या स्पष्टपणे कोणी सांगेल असे वाटले नव्हते.

नेमकेबोल | ७ जुलै, दुपारी ३.५८

दादा, तुमच्यासारखा चालक मला आजवर का भेटला नाही, यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

काळीपिवळी | ७ जुलै, दुपारी ४.०६

भेटला असेल, पण तुम्ही तेव्हा ॲपवर गाडी शोधत असाल.

आकाशदर्शी | ७ जुलै, रात्री ८.२०

विमानतळाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. आवारातच असलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात व्याख्याने आणि कार्यशाळांसाठी माझे येणे असते, आणि ते बहुतेक वेळा विमानाने असते.

लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. तेथून विद्यापीठ बारा-तेरा किलोमीटरवर आहे आणि तीन मार्ग संभवतात. ॲपवरची टॅक्सी करायची असेल तर ती टर्मिनलच्या दाराशी येत नाही. एरोमॉल नावाची बहुमजली वाहनतळाची इमारत आहे, तेथे जाऊन बसावे लागते. प्रवाशाला हे ठाऊक नसेल तर तो दारात आणि चालक एरोमॉलमध्ये अशी दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. दुसरा मार्ग विमानतळावरच्या खिडकीवरून टॅक्सी ठरवण्याचा. पैसे अधिक लागतात, पण वयस्कर माणसासाठी तो कमी त्रासाचा आहे.

तिसरा मार्ग मी स्वतः वापरतो. विमानतळाला सर्वांत सोयीचे मेट्रो स्थानक रामवाडी असून ते चार-पाच किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत रिक्षा किंवा बस आणि तेथून सिव्हिल कोर्टपर्यंत सलग मेट्रो. रामवाडी हे टोकाचे स्थानक असल्यामुळे बसायला जागा हमखास मिळते. पुढचा प्रवास मृगनक्षत्र यांनी लिहिला आहे तसाच. संध्याकाळच्या विमानाने आल्यास हा मार्ग टॅक्सीपेक्षा निश्चितपणे कमी वेळाचा ठरतो, कारण येरवडा, बंडगार्डन आणि स्टेशन ही गर्दीची ठिकाणे डोक्यावरून पार होतात. तिकीटही दहा ते पस्तीस रुपयांच्या पलीकडे जात नाही.

आयुकात येणाऱ्यांनी टॅक्सीचालकाला 'विद्यापीठाचे मुख्य दार, आत आयुका' असे सांगावे. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या संस्थेचे नाव सुरक्षारक्षकाला सांगितले की तो रस्ता दाखवतो. नकाशा मात्र कधी कधी मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडतो.

जुनाजाणता | ८ जुलै, सकाळी ७.१५

तुमच्या मेट्रो आणि एरोमॉल वाचून गंमत वाटते. आम्ही १९७० च्या दशकात विद्यापीठात शिकत असताना स्टेशनवर उतरून पीएमटीच्या बसने येत असू आणि पहिल्या महिन्यातच एक जुनी सायकल विकत घेत असू. त्यानंतर स्टेशन, डेक्कन, मंडई ही सारी ठिकाणे सायकलच्या टप्प्यात येत. शिवाजीनगर सोडले की दोन्ही बाजूंना झाडी होती, आणि वाहनांचा आवाज म्हणावा असा नव्हताच. आता त्याच रस्त्यावरून सायकलने जा, असे मी कोणाला सांगणार नाही, परंतु आवाराच्या आत सायकल आजही उपयोगी पडेल. भाचीला अकोल्याहून आणायला सांगू नका, येथेच जुनी मिळेल.

बखरकार | ८ जुलै, सकाळी ८.५०

जुनाजाणता काका, त्या रस्त्याचा इतिहास त्याहूनही जुना आहे. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, मात्र मुख्य इमारत एकोणिसाव्या शतकातली आहे. ती मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळ्यातील निवासस्थान म्हणून बांधली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तेथेच झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. म्हणजे आज ज्या रस्त्यावर आपण बसची वाट पाहतो, तो रस्ता निवासस्थानाला गावाशी जोडणारा होता. गव्हर्नराला शहराच्या गर्दीपासून दूर राहायचे होते, म्हणून ही जागा निवडली गेली. आज विद्यार्थ्याला स्टेशनवरून तेथे यायला जो खटाटोप करावा लागतो, त्याचे मूळ या निवडीत आहे.

औंधरोड | ८ जुलै, सकाळी ९.२०

बखरकार, म्हणजे चौकातल्या कोंडीला गव्हर्नर जबाबदार आहेत, असे महापालिकेला कळवू का?

बखरकार | ८ जुलै, सकाळी ९.२८

कळवा. उत्तर बहुधा गव्हर्नरांकडून आधी येईल.

लालपरी | ८ जुलै, दुपारी १.००

एसटीने येणाऱ्यांचा विचार कोणीच केला नाही. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, जळगाव या बाजूंनी येणारे असंख्य विद्यार्थी आजही एसटीनेच येतात. पूर्वी या गाड्या शिवाजीनगर रेल्वे स्थानकाशेजारच्या आगारात थांबत. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते बसस्थानक वाकडेवाडीला हलवण्यात आले. जुन्या माणसांच्या सल्ल्यावर विसंबून आलेली मुले अजूनही 'शिवाजीनगर स्टँडवर उतर, समोरून बस मिळेल' हे वाक्य घोकत येतात आणि वाकडेवाडीला उतरून समोर मुंबई रस्ता पाहून गोंधळतात.

वाकडेवाडीहून विद्यापीठ तीन-चार किलोमीटरवरच आहे. सामान असल्यास सरळ रिक्षा करावी. शिवाजीनगरला जाऊन पुन्हा उलट यायची गरज नाही.

पंचगंगा | ८ जुलै, दुपारी २.४५

आमच्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाला जायचे तर स्टेशनवरून किंवा उजळाईवाडीच्या विमानतळावरून उतरले की काही मिनिटांत राजाराम तलावाचा परिसर येतो. उगीच सांगितले.

नेमकेबोल | ८ जुलै, दुपारी २.५२

पंचगंगा, विमान आहे का त्या वेळेला, एवढेच पाहून घ्या. बाकी सारे मान्य.

सांजवेळ | ९ जुलै, सकाळी १०.१०

मला मृगनक्षत्र आणि लोहमार्ग यांच्याशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. 'पहिल्या दिवशी रिक्षाच करावी' हा सल्ला ज्याच्या खिशात सव्वाशे रुपये सहज आहेत त्याच्यासाठी ठीक आहे. माझ्या विभागात दरवर्षी असे विद्यार्थी येतात की ज्यांना प्रवेशाचे शुल्क भरल्यानंतर आठवडाभराच्या जेवणाचा हिशेब करावा लागतो. त्यांच्यासाठी पुणे स्टेशनवरून विद्यापीठ चौकातून जाणारी पीएमपीची बस हाच सर्वांत योग्य मार्ग आहे. पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्याचे वीस रुपये होतात, म्हणजे रिक्षाच्या सहाव्या हिश्श्यात काम भागते. पहाटेच्या फेऱ्या रिकाम्या असतात, त्यामुळे बॅगा ठेवायलाही अडचण येत नाही. वाहकाला 'विद्यापीठ गेटला उतरायचे आहे' असे आधीच सांगावे.

बसचा खरा त्रास शेवटच्या टप्प्यात आहे. ती मुख्य दाराच्या बाहेर सोडते आणि तेथून वसतिगृहे किंवा लांबचे विभाग सामानासह चालण्याजोगे नाहीत. अशा वेळी दारापासून आत दोघा-तिघांनी मिळून रिक्षा करावी. प्रवेशाच्या दिवसांत दारात बॅगा घेऊन उभे असलेले सोबती सापडतातच, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या मैत्रीची सुरुवात त्या भागीदारीतूनच झाली आहे.

मृगनक्षत्र | ९ जुलै, सकाळी १०.४४

सांजवेळ मॅडम, आपले म्हणणे पटले. मी माझ्या सामानाच्या हिशेबाने लिहिले होते, पैशांच्या नव्हे. बस चौकात कोणत्या बाजूला थांबते ते मात्र कामामुळे बदलत असते, म्हणून उतरल्यावर रस्ता ओलांडताना घाई करू नये, एवढी भर घालते.

लोहमार्ग | ९ जुलै, दुपारी १२.१५

मलाही बसचा पर्याय मान्य आहे. माझा आक्षेप लोकल बदलण्याला होता, स्वस्त प्रवासाला नव्हे.

मावळतीर | १० जुलै, सायंकाळी ६.३०

हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो सुरू झाली की हा धागाच इतिहासजमा होईल. तेवीस किलोमीटरच्या त्या मार्गावर तेवीस स्थानके आहेत आणि त्यांपैकी एक विद्यापीठापाशीच आहे. सिव्हिल कोर्टला मार्ग बदलला की थेट दारात. तोपर्यंत चर्चा चालू द्या.

औंधरोड | १० जुलै, सायंकाळी ६.४१

मावळतीर, पूल पाडला तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. आता तो त्याच विद्यापीठात जाण्याच्या वयाचा झाला आहे. धागा घाईने बंद करू नये.

पैनगंगातीर | २३ जुलै, रात्री ८.००

सर्वांना कळवतो की भाची सुखरूप पोहोचली. गाडी पहाटे आली, ती प्रतीक्षालयात थांबली आणि साडेसहाच्या सुमारास रांगेतली रिक्षा करून निघाली. रिक्षाचालकाने मीटर टाकला. वसतिगृहापर्यंतचे १४६ रुपये झाले आणि अर्ध्या तासाच्या आत ती पोहोचली. दारात ओळखपत्र आणि प्रवेशाचा कागद पाहिला गेला, म्हणून ते कागद बॅगेच्या तळाशी न ठेवता हातात ठेवावेत, असे तिने इतरांसाठी सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी बँकेच्या कामासाठी शिवाजीनगरला ती बसने गेली आणि परत येताना दोन अन्य मुलींना तिनेच रस्ता सांगितला.

तिच्या वडिलांसाठी आकाशदर्शी यांचा रामवाडीचा मार्ग मला आवडला होता, परंतु त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांनी खिडकीवरून टॅक्सी ठरवावी असे आम्ही ठरवले आहे.

आकाशदर्शी | २३ जुलै, रात्री ९.१२

योग्य निर्णय. विमान दुपारचे घेतल्यास टॅक्सीही फार अडकणार नाही.

औंधरोड | २२ ऑगस्ट, सकाळी ९.०५

धागा वर काढतो, कारण परिस्थिती बदलली आहे. विद्यापीठ चौकातील नव्या उड्डाणपुलाची एक बाजू याच आठवड्यात खुली झाली. मात्र ती औंधकडून शिवाजीनगरला जाणाऱ्यांसाठी आहे. स्टेशनवरून विद्यापीठाकडे येणाऱ्यांना पूर्वीप्रमाणे खालूनच यावे लागते, फक्त समोरून येणारी काही वाहने वर गेल्यामुळे चौकातला थांबा थोडा कमी झाल्याचे जाणवते. विद्यापीठाच्या दारातून बाहेर पडून स्टेशनला जाणाऱ्याने पुलावर चढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याची सुरुवात औंधच्या बाजूला मागे आहे.

तेरणाकाठ | २४ ऑगस्ट, दुपारी ४.२०

धागा उशिरा वाचला. मी हैदराबादहून हडपसरला उतरणार आहे आणि परीक्षा विभागात एका कागदावर शिक्का घेऊन त्याच दिवशी परत जायचे आहे. हडपसरहून काय करावे?

लोहमार्ग | २४ ऑगस्ट, सायंकाळी ५.०२

सामान नसेल तर हडपसर स्थानकावरून पुणे स्टेशनला बस किंवा रिक्षाने यावे आणि पुढे मेट्रोने शिवाजीनगर गाठावे. रिक्षाने थेट विद्यापीठापर्यंत येण्यात पैसेही जातील आणि वेळही. कार्यालयाची दुपारच्या जेवणाची सुटी धरून अकराच्या आत पोहोचण्याचा हिशेब ठेवावा. परतीची गाडी रात्रीची असेल तर विद्यापीठातून साडेचारला निघावे, साडेपाचला नव्हे.

मृगनक्षत्र | २४ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

आणि २७ तारखेला गणेश चतुर्थी आहे, त्यामुळे त्या दिवशी येऊ नका, कार्यालय बंद असेल. शक्य असल्यास उद्याच या. मूळ कागदासोबत त्याच्या दोन छायाप्रती घरूनच काढून आणा.